चालू रंग

सोमवारी सकाळी साडेनऊला मुलुंडच्या एका दवाखान्यासमोर धाकू घाडीने गाडी फुटपाथला लावली आणि गाडीच्या डाव्या अंगाने 'खर्रर्र' असा लांबलचक आवाज काढला.

"काय वाजला ओ?" मागच्या सीटवरून मालनने विचारलं. "माझो गुडघो नाय ना?"

"तुझो गुडघो इतक्या मोठ्यान वाजत नाय," धाकू म्हणाला. "उतर तू. सांभाळून."

मालन दार उघडून उतरली. उतरली म्हणजे, सीटवरून तिने सरळ फुटपाथवरच पाय ठेवला. मध्ये रस्ता लागलाच नाही. ज्या बाईचे दोन्ही गुडघे दुखतात तिला एवढं सुख पुरे असतं. ती फिजिओथेरपीसाठी आत गेली. धाकू गाडीला वळसा घालून फुटपाथवर आला, खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. डावीकडची दोन्ही चाकं घासली होती. चकचकीत चंदेरी अलॉयची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

धाकूने एकतीस वर्षं बेस्टची लाल बस चालवली होती. एकतीस वर्षांत त्याच्या हातून कोणाला धक्का लागला नव्हता. स्टॉपवर बस लावावी तर धाकूनेच, असं म्हातारी माणसं म्हणत. पायरी बरोबर फुटपाथपाशी यायची. हे कसं जमायचं, तर बसच्या टायरचं पोट फुटपाथला हळूच टेकेपर्यंत धाकू बस आत घ्यायचा. टायर टेकला की थांबायचं. बसचा टायर जाड, रिम खोल आत. टायर घासला म्हणून आजवर कोणी ओरखडा म्हटलं नव्हतं. पण मुलाच्या गाडीचा टायर चपटा होता आणि अलॉय दागिना मिरवावा तसा अगदी कडेला आलेला. सहा महिने धाकूने हे कसंबसं लक्षात ठेवलं होतं; आज मात्र सवयीने टायर टेकवायला घेतला आणि टेकला तो दागिना.

गाडी सौरभची. धाकूचा एकुलता एक मुलगा, विमा कंपनीत नोकरीला. सहा महिन्यांपूर्वी त्याने ही पांढरी गाडी सेकंडहँड घेतली ती निव्वळ चाकांवर भाळून. घेतली त्याच दिवशी त्याने भांडुपच्या घरी जेवणाच्या टेबलावर नियम सांगितला होता.

"बाबा, किल्ल्या दोन. एक माझी, एक तुमची. पण ज्याच्या हातून पहिला ओरखडा येईल, त्याची किल्ली जप्त. मंजूर?"

"मंजूर," धाकू तेव्हा छाती काढून म्हणाला होता. "तूच जप."

त्या किल्लीवर धाकूचा आठवडा चालायचा. सोमवारी आणि गुरुवारी मालनला घेऊन मुलुंडला जायचं, येताना बाजार करायचा, सिग्नलला उभं राहून बाजूच्या बसच्या ड्रायव्हरकडे एका ड्रायव्हरने दुसऱ्याकडे बघावं तसं बघायचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. किल्ली गेली की उरणार काय, तर टीव्ही आणि नाक्यावरचा बाक.

त्यातल्या त्यात एक बरं होतं. सौरभ आज पहाटेच ऑफिसच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेला होता. येणार शनिवारी. जाताना मात्र दारातून परत फिरून तो म्हणाला होता, "बाबा, या आठवड्यात गाडी नाही काढली तरी चालेल हं. आईला रिक्षाने न्या. मी पैसे ठेवलेत." धाकूला ते लागलं होतं. एकतीस वर्षं मुंबई वाहून नेणाऱ्याला पोरगा रिक्षाने जा म्हणतो! म्हणून तर आज तो मुद्दाम गाडीने निघाला. सौरभने गाडीही उलटी लावून ठेवली होती, उजवी बाजू भिंतीला जवळ जवळ चिकटवून. भिंत आणि गाडी यांच्यामधून आडवा सरकत धाकूला कसंबसं स्टिअरिंगवर बसावं लागलं होतं.

मंगळवारी धाकू चौकशीला निघाला. मुलुंडला चाकांचं एक मोठं दुकान होतं. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर चाकं देवघरातल्या तसबिरींसारखी टांगलेली. तिथल्या मुलीने फोटो बघून गोड आवाजात सांगितलं, "सर, रिफर्बिशिंग आणि डायमंड कट फिनिश, एका व्हीलचे साडेचार हजार. चार केलीत तर डिस्काउंट आहे."

"डिस्काउंट धरून किती?"

"सोळा हजार आठशे."

"बाई, चाक काढून त्याच्या जागी तुम्ही नवीन नाही ना बसवत?"

"नाही सर, तेच नवीन दिसेल."

धाकूने पाणी मागितलं, प्यायला आणि निघाला. घरी आल्यावर मालनने विचारलं, "दुसरो काय उपाय नाय?"

"आहे. पावडर कोटिंग म्हणतात. पावडर मारून भट्टीत भाजतात."

"पावडर?" मालनला पटेना. "घाम इलो की उतरतली ती."

"चाकाला घाम येत नाय गो."

"तुमका इलो हा तो बघतंय मी."

पावडर कोटिंग म्हटल्यावर धाकूला रतन आठवला. रतन खरात त्याचा कंडक्टर. अकरा वर्षं दोघांनी एकाच मार्गावर काढली होती. पुढे धाकू, मागे रतन, मधे सत्तर माणसं, आणि बोलणं सगळं घंटीने. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की निघ. रतनचा मुलगा प्रबुद्ध याने भांडुपलाच एका औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन पावडर कोटिंगचं काम सुरू केलं होतं. खिडक्यांचे ग्रिल, लोखंडी कपाटं, हॉस्पिटलच्या खाटा, जे मिळेल ते. रतन दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसायचा.

"ये रे ड्रायव्हर!" धाकूला बघून रतनने बोटातली अंगठी चहाच्या ग्लासावर एकदा वाजवली. टिंग. धाकू जागच्या जागी उभा राहिला. मग दोघेही हसले.

"अजून पाय ब्रेकवर जातो तुझा."

"तुझी घंटी ऐकली की जाणारच. ऐक, एक भानगड झालीय."

धाकूने सगळं सांगितलं. रतन ऐकून गंभीर झाला. "म्हणजे तू, धाकू घाडी, स्टॉपला लावताना घासलीस."

"हळू बोल ना यार."

प्रबुद्ध हात पुसत आला. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. "काका, चिंता नका करू. जुना रंग काढतो, ओरखडे भरून घासतो, मग पावडर. दोनच चाकं केली तर बाकीच्या दोन्हींशी मेळ बसणार नाही, नवं-जुनं दिसेल. चारही करावी लागतील. चाकामागे पंधराशे धरा."

"सहा हजार," रतन म्हणाला. "आणि तुझ्याकडून वरचे पाच रुपये सुट्टे."

"कधी देशील?"

"शुक्रवारपर्यंत."

शनिवारी सौरभ यायचा होता. एक दिवस हातात राहत होता. धाकू खूश होऊन घरी आला.

बुधवारी सकाळी प्रबुद्ध टेम्पो घेऊन सोसायटीत आला. गाडी जरा पुढे घेतली, जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि चारही चाकं काढली. शेवटचं चाक हातात घेऊन त्याने ते उजेडात फिरवून बघितलं.

"काका, तुम्ही तर डावी बाजू म्हणाला होतात."

"डावीच."

"मग ही उजवीचीही घासलीत की. ही बघा. आणि हे मागचं तर जास्तच."

धाकूने बघितलं. खरंच घासली होती. कडेवर खोल, तिरके ओरखडे.

"हे मी नाही केलं," तो म्हणाला.

प्रबुद्ध काहीच बोलला नाही. माणसाचं वय झालं की लोक असंच काही बोलत नाहीत, हे धाकूला ठाऊक होतं. टेम्पो गेल्यावर तो वर आला आणि बाल्कनीत बसून राहिला.

"आता काय झाला?" मालनने विचारलं.

"उजवी बाजूपण घासली आहे."

"मगे? चारय करूचीच होती ना?"

"तसं नाही गो. डावी बाजू ड्रायव्हरला दिसत नाही, तिथे अंदाज लागतो. अंदाज चुकला, मान्य. पण उजवी बाजू म्हणजे माझ्या कोपराखाली. खिडकीतून मान काढली की दिसते. ती कधी घासली तेच मला आठवत नाही. आवाजपण ऐकू आला नाही. उजवी बाजू घासतो तो ड्रायव्हर नसतो, मालन."

मालनने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि नेहमीपेक्षा अर्धा चमचा साखर जास्त घातली.

गुरुवारी सकाळी गुडघ्यांना शेक देत मोबाइल बघता बघता ती एकदम ओरडली, "ओ! आपली गाडी ग्रुपार इली!"

सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर नाचणे. सकाळी फेरी मारताना त्यांना ठोकळ्यांवर उभी असलेली बिनचाकांची गाडी दिसली होती. त्यांनी तीन बाजूंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या आवारात धाडसी चोरी. चारही चाके लंपास. सर्वांनी आपापली चाके तपासावीत.' ज्यांच्याकडे गाडीच नव्हती तेही खाली उतरले होते.

त्या ग्रुपवर सौरभही होता.

धाकू लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरला. नाचणे वॉचमनची उलटतपासणी घेत होते.

"नाचणेसाहेब, फोटो काढा!"

"काढलेत की! तीन काढलेत. अजून एक खालून काढू का?"

"काढा म्हणजे ग्रुपवरून काढा! पुसा! चोरी नाही झाली, मीच दिलीत चाकं कामाला. सौरभला कळता कामा नये."

नाचणेंना आधी वाईट वाटलं, कारण चोरी चांगली रंगली होती. पण ते मनाने भले होते. त्यांनी तिन्ही फोटो पुसून टाकले. लगेच ग्रुपवर प्रश्न सुरू झाले. काय पुसलं? का पुसलं? कोणाची गाडी? नाचणेंनी घाम पुसत लिहिलं, 'फोटो चुकून आले. ते दुसऱ्या सोसायटीचे होते.' त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीताईंनी विचारलं, 'मग त्यात माझी वाळत घातलेली साडी कशी दिसत होती?'

नाचणेंनी मोबाइल बंद करून खिशात ठेवला. "घाडी, यापुढे मी काही करू शकत नाही," ते म्हणाले. "पण वॉचमनला सांगा, मी त्याला जे काय बोललो ते सगळं मागे घेतलं."

दहा मिनिटांत सौरभचा फोन आला.

"बाबा, ग्रुपवर काय चाललंय? आपली गाडी ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे? उभी आहे."

"कोणी जवळ जाऊन बघितली नाही ना?"

"बघायला ती काय नवरी मुलगी आहे?"

"नाही, तसं नाही." सौरभ जरा घुटमळला. "तुम्ही काढली होती का या आठवड्यात?"

"तूच म्हणालास ना रिक्षाने जा," धाकू म्हणाला. हे खोटं नव्हतं. सौरभ तसं म्हणालाच होता.

"हां. बरं. ऐका, ट्रेनिंग लवकर संपतंय. मी उद्याच येतो. दुपारी बारापर्यंत."

धाकूच्या हातातला फोन ओला झाला. मालन म्हणत होती तो घाम हाच असावा. त्याने लगेच गाळ्यावर फोन लावला. प्रबुद्ध तोंडाला मास्क बांधून रंगाची गन चालवत होता, त्यामुळे फोन रतनने घेतला. मागे भट्टीची घरघर, पंख्याची भरभर, आणि रतन एका कानाने आधीच कमी ऐकायचा.

"रतन, उद्या सकाळी दहाला चाकं पाहिजेत! पोरगा बाराला येतोय!"

"दहा वाजता बारा चाकं?"

"चारच रे! दहाला!"

"हां, थांब, विचारतो." रतनने ओरडून विचारलं, आतून काहीतरी ओरडा आला. "होईल म्हणतो! रंग कोणता मारू, विचारतोय!"

"चालू आहे तोच! दुसरं काही नको! चालू आहे तोच मार म्हणावं!"

"चालू आहे तोच मार म्हणतो रे!" रतन आत ओरडला. मग फोनमध्ये म्हणाला, "बरं झालं म्हणतो प्रबुद्ध. त्यात तुझं कामही लवकर होईल आणि स्वस्तही पडेल. नऊशेच घेईल चाकाला."

"देव भलं करो त्याचं," धाकू म्हणाला. इतकं स्वस्त का पडतंय, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. रात्री तो आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपला.

शुक्रवारी बरोबर दहाला टेम्पो आला. रतनही बरोबर आला होता. चाकं टायरांसकट जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली होती. धाकूने उत्साहाने पहिला कागद फाडला.

आतून लाल रंग बाहेर आला.

धाकूने आणखी थोडा कागद फाडला, या आशेने की लाल कुठेतरी संपेल. तो संपला नाही. त्याने दुसरं चाक उघडलं, तेही लाल. चारही लाल. नुसती लाल नव्हे, उन्हात डोळे मिटावे लागतील इतकी लाल.

"प्रबुद्ध," तो हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

"रंग चांगला बसलाय ना काका? एक थेंब कुठे ओघळलेला नाही."

"अरे, चंदेरी होती ती! मी सांगितलं होतं ना, चालू आहे तोच रंग!"

"तोच मारलाय." प्रबुद्धला कळेना. "गोवंडीच्या एका टॉवरच्या फायरच्या पेट्यांचा लॉट चालू होता. सत्तर पेट्या. गनमध्ये लाल चालू होता. तुम्ही म्हणालात चालू आहे तोच मार. म्हणून तर नऊशे लावले. वेगळा रंग म्हणजे गन धुवा, बूथ झाडा, त्याचे पंधराशे."

"चालू म्हणजे गाडीला चालू होता तो!"

"गाळ्यात चालू म्हणजे गनमध्ये चालू असतो तो, काका."

दोघांनी एकदम रतनकडे बघितलं. रतन आभाळाकडे बघत होता. "मी शब्दाला शब्द सांगितला," तो म्हणाला. "तिकीट जिथलं मागितलं तिथलं फाडलं."

"परत करता येईल?"

"येईल. रंग उतरवायचा, परत घासायचं, परत भट्टी. दोन दिवस. आणि गाडी तोवर ठोकळ्यांवर."

घड्याळात सव्वादहा झाले होते. बिनचाकांची गाडी दाखवायची की लाल चाकांची, एवढाच आता प्रश्न होता. "बसव," धाकू म्हणाला.

प्रबुद्धने चाकं बसवली, ठोकळे काढले, पैसे घेतले आणि टेम्पो घेऊन गेला. रतन मागे राहिला. दोघे गाडीपासून पाच पावलं लांब उभे राहिले. पांढऱ्या गाडीखाली चार लाल चाकं. तिसऱ्या मजल्यावरून एक पोर ओरडलं, "आई, अँब्युलन्स!"

रतन मात्र बराच वेळ बघत होता. "धाकू," तो म्हणाला, "हा तर आपला लाल."

धाकूने पुन्हा बघितलं. नव्याने रंगवून डेपोतून बाहेर पडणाऱ्या बसचा लाल असायचा ना, अगदी तोच. सकाळी पहिल्या फेरीला ऊन पडायचं तेव्हा असाच दिसायचा. त्याला चाकांचा राग यायला हवा होता, पण तो काही केल्या येईना.

"रंगाचं जाऊ दे," तो म्हणाला. "मी ठरवलंय. सौरभ आला की मीच किल्ली देऊन टाकतो. त्याने मागायच्या आधी. उजवी बाजू घासली आणि कळलं नाही, म्हणजे उद्या माणूस घासला जाईल. ते नको."

रतनने यावर काही विनोद केला नाही, तेव्हा धाकूला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

वर मालनने घावणे काढले होते. रतन जेवायला बसला. धाकूने किल्ली खिशातून काढून टेबलावर, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली. बाराला पाच कमी असताना दार उघडलं. खांद्याला बॅग, चेहरा उतरलेला, सौरभ दारातच उभा राहिला. खाली गाडी बघूनच तो वर आला होता, हे उघड होतं.

"बाबा," तो म्हणाला.

"ये, बस," धाकू म्हणाला. त्याने किल्ली बोटाने पुढे सरकवली. "आधी माझं ऐक. मला तुला एक सांगायचंय. ती चाकं—"

टिंग.

रतनने अंगठी पाण्याच्या ग्लासावर वाजवली होती. एकदाच. टेबलाखाली धाकूचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला आणि तोंड बंद झालं. त्याने रतनकडे बघितलं. रतन सौरभकडे बघत होता. अकरा वर्षं त्याने चढणाऱ्या माणसांचे चेहरे बघितले होते. तिकीट न काढलेला माणूस त्याला लांबून कळायचा.

सौरभने बॅग खाली ठेवली. "तुम्हाला कळलं ना? मला वाटलंच होतं. ग्रुपवर गाडीवरून गोंधळ बघितला तेव्हाच वाट लागली म्हटलं. बाबा, मी सांगणार होतो. रविवारी घाटकोपरला मॉलच्या तळघरातून वर येत होतो. वळणावर कठडा दिसलाच नाही मला. उजवीकडची दोन्ही चाकं घासत गेली. तुम्हाला दिसू नये म्हणून गाडी उलटी लावली, उजवी बाजू भिंतीला. आणि तुम्ही काढू नये म्हणून रिक्षाचं बोललो."

आत मालनने तव्यावरचा घावणा उलटला.

"उजवी बाजू," धाकू हळूहळू म्हणाला, "तू घासलीस?"

"हो."

"उजवी! म्हणजे तू!" धाकूचा चेहरा असा फुलला, जणू नातू झाल्याची बातमी आली असावी. "अगो मालन, ऐकलंस? उजवी बाजू ह्याने घासली! मी नाही! ह्याने!"

"ऐकलंय," मालन आतून म्हणाली. "माका वाटलाच होता."

"ओरडा बाबा, काय बोलायचं ते बोला," सौरभ म्हणाला, "पण असं हसू नका ना."

धाकू हसायचा थांबला, पण फार प्रयत्न करून. टेबलावरची किल्ली उचलून त्याने खिशात घातली आणि रिकामा हात पुढे केला. "नियम कोणी केला होता?"

"मी."

"काय होता?"

"ज्याच्या हातून पहिला ओरखडा, त्याची किल्ली जप्त." रविवार सोमवारच्या आधी येतो, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सौरभने खिशातून आपली किल्ली काढून वडिलांच्या हातावर ठेवली. "किती दिवस?"

"तू उजवीकडे बघायला शिकशील तोपर्यंत. आणि जेवून घे. चेहरा बघ केवढासा झालाय."

सौरभ जेवायला बसला. दोन घावणे खाल्ल्यावर त्याला जरा धीर आला. "पण बाबा, तो लाल रंग?"

"का? वाईट आहे?"

"वाईट नाही. म्हणजे, झकासच दिसतोय एका परीने. पण लाल कसा काय?"

"सध्या हाच चालू आहे," धाकू म्हणाला. रतनला ठसका लागला. मालनने त्याच्यापुढे पाणी सरकवलं.

सौरभ खाता खाता विचार करत होता. हिशेब त्याला कुठेतरी लागत नव्हता. शेवटी घास हातात धरून त्याने विचारलं, "बाबा, मी तर उजवीकडची दोनच घासली होती. डावीकडची पण लाल आहेत. तुम्ही चारही का केलीत?"

धाकूने तांब्याकडे बघितलं. मालनने तव्याकडे बघितलं.

टिंग टिंग.

दोन घंट्या झाल्या की ड्रायव्हर थांबत नसतो. धाकू उठला. "मालन, चल. काल चाकं नव्हती म्हणून तुझा दवाखाना चुकला. आज साडेबाराला घेतील तुला."

"इलंय, इलंय," मालन म्हणाली आणि गॅस बंद करून, दुखणाऱ्या गुडघ्यांच्या मानाने आश्चर्य वाटावं इतक्या वेगाने चपला घालून लिफ्टमध्ये शिरली.

मुलुंडला दवाखान्यासमोर धाकूने गाडी हळू केली. या वेळी तो फुटपाथपासून चांगला हातभर लांब थांबला. मालनने दार उघडलं, खाली मधल्या रस्त्याकडे बघितलं, वर फुटपाथकडे बघितलं आणि दार परत लावून घेतलं.

"रस्त्यार उतरू काय मी? आणि मगे परत वर चढू?"

"चाकं नवी आहेत गो."

"चाकांक जपतास. माझ्या गुडघ्यांक कोण जपतलो?"

धाकूने आरशात बघितलं. मागे मालनने काच पूर्ण खाली केली होती आणि मान बाहेर काढून ती चाकाकडे बघत होती. बांगड्यांचा हात तिने दारावर तयार ठेवला होता. मग धाकूने गाडी थोडी मागे घेतली आणि लाल चाक फुटपाथच्या दिशेने एकेक बोट सरकवायला सुरुवात केली.

चार बोटं अंतर उरलं तेव्हा मालनने बांगडी पत्र्यावर वाजवली. टिंग.

धाकूने ब्रेक दाबला. मालनने दार उघडलं आणि सीटवरून सरळ फुटपाथवर पाय ठेवला.